सुई कुठे आहे?

टेलरमामा सुई शोधताना कधी खाली बघत नसत. मान ताठ ठेवून मला विचारत, "व्हेअर इज नीडल, म्मा?" आणि माझं उत्तर पूर्ण वाक्यात आल्याशिवाय हात पुढे करत नसत.

म्हैसूरला अग्रहारात त्यांच्या दुकानावरच्या खोल्यांत आम्ही राहायला आलो तेव्हा मी आठवीत होते. शिकत होते इंग्रजी शाळेत, पण बोलत नसे कोणत्याच भाषेत. मामांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या म्हैसूरचं, त्यामुळे त्यांची मराठी निम्मी कन्नड. नव्या गिऱ्हाइकांशी इंग्रजीत बोलता यावं म्हणून त्यांनी मला गुरू केलं. "बाकी ग्रामर नको. ऑन, अंडर, बिहाइंड एवढं आलं की आयतु, झालं!"

मग रोज शाळा सुटल्यावर तेच. कात्री अंडर द क्लॉथ, खडू बिसाइड द मशीन. एकदा टेप सापडेना. मी म्हटलं, "अराउंड युअर नेक." मामा इतके हसले की शेजारचा फुलवाला डोकावला. "नोड, बघ, माझी टीचर बोलते!"

काही महिन्यांत सगळे शब्द त्यांना येऊ लागले, तरी प्रश्न थांबेनात. एकदा मी म्हटलं, "इन फ्रंट ऑफ यू," आणि त्यांचा हात कात्रीच्या बाजूने रिकामाच फिरला. मी कात्री उचलून त्यांच्या तळहातावर ठेवली.

"सुनेला सांगू नको म्मा," ते हळूच म्हणाले. "मशीन बंद करील."

मी गप्प राहिले. गप्प राहणं मला जमतं. पण एका दुपारी मशीनची सुई त्यांच्या बोटातून आरपार गेली. मी मागच्या स्वयंपाकघरात गेले आणि सुनेला सगळं सांगितलं. तोवर इतकं सलग मी कोणाशीच बोलले नव्हते.

डॉक्टर म्हणाले, उशीर झालाय. एक डोळा थोडाफार वाचेल. मशीन बंद झालं. मामा सोसले नावाच्या गावी मुलीकडे राहायला गेले, माझा निरोप न घेता.

कित्येक वर्षं मी तिकडे फिरकले नाही. नोकरी लागल्यावर एका रविवारी गेले. मामा खाटेवर बसून बोटांनी चाचपत लहानमोठी बटणं वेगळी करत होते. मी उंबऱ्याशीच थांबले.

"हू इज ॲट द डोअर?"

मी चपला काढल्या.

"बोलत नाही म्हणजे टीचरच," मामा म्हणाले आणि खाटेवर जरा बाजूला सरकले. "ॲट द डोअर नको म्मा. इनसाइड ये."