गाळलेली सात पानं

"फुकटात ऐकायला मिळतंय, आणि वर पानं मोजत बसतेस?"

मॅडम हे हसत हसत म्हणाल्या. माझ्या गालावरून हात फिरवला. "तशी गुणाची आहेस," म्हणाल्या. हॉलमध्ये आणखी दोन बायका बसल्या होत्या. त्याही हसल्या. मीही हसले. कुणाकडं तोंड करून हसले ते माहीत नाही. मला दिसत नाही. जन्मापासूनच.

तेव्हा मी नांदेडला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. गाव जळकोटकडचं. मॅडम शाळेतून रिटायर झालेल्या. आमच्यासारख्यांसाठी पुस्तकं मोठ्यानं वाचून रेकॉर्ड करून द्यायच्या. सेवा म्हणून. प्रत्येक पान सुरू करताना आधी आकडा सांगायचा, अशी या कामातली पद्धत. म्हणजे ऐकणाऱ्याला हवी ती जागा सापडते. 'पान एक्कावन्न.' 'पान बावन्न.' आणि मग एकदम 'पान साठ.'

मला वाटलं, पानं चिकटली असतील. म्हणून विचारायला गेले. एवढाच माझा गुन्हा.

पुस्तक अभ्यासाला होतं. आमच्याच समाजातल्या एका बाईचं आत्मकथन.

"अगं, ती पानं वाचण्यासारखी नाहीत," मॅडम म्हणाल्या. "मेलेली ढोरं ओढणं काय, त्या शिव्या काय. घरात देव आहेत आमच्या. असलं माझ्या तोंडून निघणार नाही. आणि तुम्ही लोक तरी किती दिवस तेच उगाळत बसणार?"

माझं आडनाव त्यांना माहीत होतं.

राग यायला हवा होता. आला नाही. हे सांगायची मला आजही लाज वाटते. दात काढायच्या आधी डॉक्टर सुई देतात, तसं आतून सगळं बधीर झालं. "थँक्यू मॅडम" म्हणाले. खरंच म्हणाले. हॉस्टेलवर येऊन भात खाल्ला. भाताला चव होती की नाही, कुणास ठाऊक. परीक्षा तीन आठवड्यांवर होती आणि ती सात पानं माझ्या हातात असून माझी नव्हती. पुस्तक उघडून त्यांच्यावरून बोटं फिरवली. नुसता गुळगुळीत कागद.

मोबाइलनं फोटो काढून वाचून घ्यायचा प्रयत्न केला. जुनी, पुसट छपाई. मोबाइल काहीच्या बाही बरळायला लागला. हॉस्टेलमधल्या मुलींना आपापला अभ्यास होता. मग रविवारी पुस्तक पिशवीत घातलं आणि एसटीनं गावी गेले.

माझी माय सातवी शिकलेली. दुसऱ्याच्या शेतात रोजानं जाते.

"मला कुठं नीट वाचता येतंय बाई? चष्मा बी न्हाई," ती म्हणाली.

"जमंल तसं वाच. पण सगळं वाच."

मोबाइल रेकॉर्डिंगला लावून मी तिच्याजवळ बसले. ती एकेक अक्षर लावत वाचू लागली. जोडाक्षर आलं की अडायची, मागं जायची, पुन्हा यायची. सात पानांना दोन तास लागले. पाटलाच्या माणसानं लेखिकेच्या आजीला दिलेल्या शिव्या आल्या. माय थांबली. मग तिनं शिव्याही वाचल्या. त्या मात्र तिला अडखळत वाचाव्या लागल्या नाहीत.

शेवटचं पान संपल्यावर ती म्हणाली, "हे तर आपल्या घरचंच हाय की. तुझी आज्जी बी असंच ढोर वढायला जायची."

बावीस वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं.

"मला कधी सांगितलं का न्हाईस?"

"सांगण्यासारखं काय हाय त्यात?"

त्या दुपारी पहिल्यांदा बधिरपणाच्या खाली काहीतरी दुखलं. मला ते बरं वाटलं.

परीक्षा झाली. पुढच्या महिन्यात लातूरला मॅडमचा सत्कार होता. संयोजकांनी मला मुद्दाम गाडीत घालून नेलं, आभार मानायला. "मॅडमच माझे डोळे आहेत, असं म्हण," हे वाटेत दोनदा पढवलं. स्टेजवर शाल-श्रीफळ झालं. टाळ्या झाल्या. मग कुणीतरी माझा हात धरून माइकवर नेऊन ठेवला.

मी म्हणाले, "मॅडमनी मला वाचून दिलेलं पुस्तक पूर्ण नाही. त्रेपन्न ते एकोणसाठ ही पानं त्यांनी वाचली नाहीत. ती माझ्या मायनं वाचली आहेत."

आणि मोबाइल माइकला लावला.

मायचा आवाज सगळ्या हॉलभर. अडखळणारा. पुढच्या रांगेतून कुणीतरी फिसकन हसलं. मग शिव्या आल्या आणि हसू थांबलं. मग कुणीतरी माइक बंद केला. मोबाइल माझ्या हातात चालूच होता.

"एवढं केलं तुझ्यासाठी, त्याचे हे पांग फेडलेस?" मॅडम म्हणाल्या.

"जे वाचलंत त्याचे आभार," मी म्हणाले. "जे गाळलंत त्याचे मानणार नाही."

परत यायला मला गाडी नव्हती. एसटीनं आले. पश्चात्ताप झाला नाही.

आता मी नांदेडला एका ग्रंथालयात नोकरी करते. सुट्टीच्या दिवशी वाचणाऱ्यांना बोलावते, रेकॉर्डिंग करून घेते. परवा विष्णुपुरीहून येणारी एक मुलगी कादंबरी वाचत होती. चांगली पोर. मध्येच क्षणभर थांबली आणि पुढं गेली. वाक्याला वाक्य जुळेना.

"काय सोडलंस?"

ती म्हणाली, "ताई, त्यातल्या आंधळ्या बाईला नवरा लई वंगाळ बोलतो. तुम्हाला कसं ऐकवायचं?"

"वाच."

तिनं वाचलं. बारीक आवाजात, भराभर. ते शब्द मला लागले. चांगलेच लागले. तरी मी रेकॉर्डिंग मागं घेतलं.

"पुन्हा वाच. बाकीचं वाचतेस तसंच, मोठ्यानं. मला काय सोसंल ते मी बघंन. तू एक शब्द बी गाळायचा न्हाई."

ती रडायच्या बेतात होती. मी थांबले. तिनं घसा साफ केला आणि पानाचा आकडा सांगितला.