वाटीवरची टिचकी

शेवटच्या भेटीत शकूताईने मला ओळखलं नाही. दवाखान्यातली नर्स इंजेक्शनच्या काचेवर बोटाने टिचकी मारत होती. चार दिवस जिला कूस बदलता येत नव्हती ती माझी बहीण तेवढ्या आवाजाने कोपरावर उठायला लागली. "आली... आली हो," म्हणाली. नर्सला वाटलं, तापात बरळतेय. शेजारी स्टुलावर जिजाजी बसले होते. ती कुठे निघालीय हे आम्हा दोघांना नीट कळलं होतं, पण आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

त्यांच्या मोहल्ल्यात, बुधवाऱ्यात, ही दोघं म्हणजे लक्ष्मीनारायणाचा जोडा. गल्लीत नवीन लग्न झालं की जोडप्याला आधी यांच्या पाया पडायला आणायचे. जिजाजी शाळेत मास्तर, बाहेर तासन्‌तास बोलायचे, पण घरात जेवायला बसले की तोंड बंद. वाटीवर एक टिचकी म्हणजे पाणी, दोन म्हणजे वाढ, तीन म्हणजे ताट उचल. ताई स्वयंपाकघरातून धावत यायची. बघणारे धन्य व्हायचे... काय जमतं यांचं, बोलावंही लागत नाही.

लग्नानंतर सहाच महिन्यांनी ती एकटी बसने शाहपुरला, आमच्या घरी, निघून आली होती. ओट्यावर बसून म्हणाली, "मी नाही जात परत. ते मला हाकच नाही मारत. वाटी वाजवतात." मला हसू आलं. वडिलांनी विचारलं, "मारतो का?" नाही. "दारू पितो?" नाही. "मग?" या 'मग'पुढे आमच्याकडे कुणाचं काही चालत नाही. आईने चुलीवर खापर पालथं घातलं. लेक सासरी रिकाम्या हाताने जात नाही, म्हणून पुरणाचे मांडे करायचे होते. स्वतःला परत पाठवायचं पुरण ताई स्वतःच वाटत बसली. संध्याकाळच्या बसने मीच तिला पोचवलं. जिजाजींनी दोन मांडे खाल्ले आणि तिसऱ्यासाठी दोनदा टिचकी मारली.

त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली तेव्हा समाजाने सत्कार केला. भाषण माझं होतं. मी टिचकीचाच किस्सा सांगितला, सुखी संसाराचं रहस्य म्हणून. टाळ्या पडल्या. खाली उतरल्यावर ताई म्हणाली, "छान बोलला भाऊ. घडीभर मला पण खरं वाटलं." हे लिहिताना माझी मलाच लाज वाटते.

तेरावं होऊन गेल्यावर परवा त्यांच्याकडे गेलो. जिजाजी जेवत होते, वाढायला सून, एरवी इंदूरला राहणारी, तेराव्यासाठी आलेली. वाटी तीच, आमच्या आहेरातली, वडिलांचं नाव कोरलेली. एक टिचकी वाजली. माझा हात तांब्याकडे गेला, इतकी ती सवय मलाही लागलेली. सून जागची हलली नाही. साधेपणाने म्हणाली, "क्या हुआ बाबूजी? काय पाहिजे, बोलून सांगा न."

आता ताट भिरकावतात, असं मला वाटलं.

"पाणी दे न, बेटा," ते म्हणाले.

इतकं सोपं होतं ते... ताईने ओट्यावर बसून एवढंच मागितलं होतं, आणि आम्ही तिला मांडे बांधून दिले.