कोंबडीच्या जनुकाचं नाव

अंधेरीच्या प्रयोगशाळेत मी ज्यांच्या हाताखाली शिकले, त्या आमच्या बाई. अंड्यात पिल्लू वाढताना कुठलं जनुक कधी कामाला लागतं, हे आम्ही शोधायचो. त्यातलं एक बाईंनी स्वतः हुडकलं होतं आणि त्याला नावही त्यांनीच ठेवलं होतं. छोटंसं, मराठी. परदेशी पाहुणे ते उच्चारताना तोंड वेडंवाकडं करायचे आणि मला कोण आनंद व्हायचा!

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. माझं लग्न ठरलं आणि सासरच्यांनी एकच हट्ट धरला, मुलीचं नाव बदलायचं. ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीने नवीन नाव लिहितो, तसं. सासूबाईंनी नाव काढूनसुद्धा ठेवलेलं. माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं मी काय उगाच या नावाला ओ देत होते? आई म्हणाली, "अगं, सगळ्याच बदलतात, तुझंच काय मोठं?" होणारा नवरा भला माणूस, पण आईपुढे मांजर.

त्यातच एका परदेशी मासिकात उंदराचं एक जनुक छापून आलं. बाईंना शंका आली. आमच्या कोंबडीच्या आणि त्या उंदराच्या जनुकातली डीएनएची अक्षरं आम्ही कागदी पट्ट्यांवर उतरवली आणि टेबलावर एकाखाली एक लावली. जुळतच गेली. माणसातही तेच सापडलं होतं, आणि उंदीर-माणसात त्याचं नाव आमच्या आधी ठरलेलं.

"मग काय झालं? कोंबडीत आपलंच राहू दे ना!" मी भडकले. "कोण विचारतंय?"

खरंच कोणी विचारणार नव्हतं. तेव्हा जो तो आपापल्या प्राण्यात आपापली नावं चालवायचा.

"तेच आहे, तर नाव तेच," बाई म्हणाल्या. "प्राणी बदलला म्हणून नाव का बदलावं गं? उद्या बेडकावर काम करणाऱ्याला कसं कळणार, हे तेच म्हणून?" आणि छापायला जायच्या लेखातून जनुकाला आपण ठेवलेलं नाव पानापानावर खोडत गेल्या. सक्ती नाही, काही नाही! असं माणूस मी पुन्हा पाहिलं नाही.

मला रडूच आलं. "एवढं छान नाव, बाई. सुचलं कुठून होतं?"

"माझंच ते. माहेरचं. लग्नात बदललं." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "तुझं काय ठरलं? घाटकोपरात माहेरी जी आहेस, मुलुंडला सासरी गेल्यावर तीच राहणार ना?"

त्याच संध्याकाळी होणाऱ्या नवऱ्याला सांगून टाकलं, माझं नाव लिहिणार असशील तरच ताट मांडायचं. तो म्हणाला, "बघू."

लग्नात ताट आलं. सासूबाई खाकरल्या. त्याने एकदा आईकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि तांदळात माझंच नाव लिहिलं. मांजराने कमाल केली! सासूबाईंचं तोंड पंगतीपर्यंत फुगलेलं होतं.

बाई आल्या होत्या. त्यांच्या पाया पडताना मी त्यांना त्या खोडलेल्या नावाने हाक मारली, पुढे ताई लावून.

बाईंनी लगेच ओ दिली.