दुधाच्या चहाची मतं

चहावरून माणसाचं मत ओळखता येतं, असा शोध मी एकदा लावला होता. नुसता लावून थांबले असते तर बरं. त्या शोधावर मी एक अख्खी निवडणूक चालवली आणि घालवली. उमेदवार होती माझी धाकटी जाऊ. मी तेव्हा पंचेचाळिशीची, म्हणजे अक्कल यायचं वय उलटून गेलेलं. तेव्हा वयाची सबबही सांगता येत नाही.

आमच्या पंचायत समितीच्या गणात मुदतीच्या मध्येच जागा रिकामी झाली आणि पोटनिवडणूक लागली. जागा बायकांसाठी राखीव. आमचा हा खालापूरकडचा पट्टा जुन्या वळणाचा. वरती सरकारं येवोत नाहीतर जावोत, आजोबांनी ज्या खुणेवर शिक्का मारला त्याच खुणेचं बटण नातू दाबणार. पण मधल्या निवडणुकीची गंमत वेगळी असते. सरकार काही पडणार नसतं, त्यामुळे माणसं जरा सैल सुटतात. एरवी ज्यांच्यापुढे मान खाली घालून चालतात, त्यांना हळूच चिमटा काढून घेतात. शिवाय कुंभिवलीकडच्या कंपन्यांत लागलेले तरुण घरात न विचारता मत द्यायला लागले होते. जावेने हे सगळं हेरलं आणि दुसऱ्या पक्षाचं तिकीट घेऊन उभी राहिली.

उभं राहणं सोपं नव्हतं. डोंगराखालच्या वाडीवर ती अंगणवाडी सेविका होती, आणि निवडणूक लढवायची तर नोकरी सोडावी लागत होती. तिने राजीनामा दिला. निवडून आली तर आली, नाहीतर पंचायत समितीही नाही आणि अंगणवाडीही नाही.

सासरे म्हणाले, "सून आपली हाय, पण खूण परक्याची हाय."

"मग मामंजी, मत कुणाला?" मी विचारलं.

"ते मशीनला सांगीन. तुला कशाला?"

मी दहिवलीत वाढलेली, म्हणजे माझ्या मते शहरातली. त्यामुळे राजकारण या घरात फक्त मलाच कळतं, अशी माझी पक्की समजूत. कुणी विचारायच्या आत मतदार यादी मी ताब्यात घेतली, सोबत दोन पेनं, निळं आणि लाल. दारोदार फिरताना एक लक्षात आलं. "यंदा तुमालाच" असं सगळेच म्हणतात. समोरची उमेदवार आली की तिलाही हेच म्हणतात. दारात आलेल्याला तोंडावर नाही म्हणायची आमच्याकडे रीत नाही. मग खरं ओळखायचं कसं? तर चहावरून! दुधाचा चहा आणि बशीत बिस्किटं आली, की मत पक्कं. नुसता दुधाचा, तर बहुतेक आपलं. कोरा चहा आला, की समजायचं, गेलं. लगेच लाल फुली.

परवा माझी नात मोबाइलवर निवडणुकीचे अंदाज वाचून दाखवत होती, कल इकडे आणि कल तिकडे. मी एक शब्द बोलले नाही. घरच्यांना वाटलं, आजीची तब्येत बरी नाही.

तर, वाडी. वाडीत एकूण एक घराने आम्हाला कोरा चहा दिला. गूळ घातलेला, कडक, फक्कड. मी दोन घरांत मागून दुसऱ्यांदा प्याले, आणि बाहेर येऊन त्याच घरांवर लाल फुली मारली.

जाऊ म्हणाली, "ताई, वाडी आपली हाय. ती माझी पोरं हायत."

"पोरं तुझी गं. मतं त्यांच्या आईबापांची."

"पण ताई, वाडीत दूध..."

"यादी कुणाकडे आहे?"

"तुमच्याकडं."

"मग?"

मतदानाच्या दिवशी आमच्याकडे दोन टेंपो होते. मतदान खालच्या गावातल्या शाळेत, आणि वाडीवरून तिथे यायचं म्हणजे तासाभराची वाट. शहाण्या माणसाने दोन्ही टेंपो वाडीवर धाडले असते. मी ते बिस्किटवाल्यांच्या दारात उभे केले. त्यांची घरं शाळेपासून इतकी जवळ, की टेंपो वळवेपर्यंत ती माणसं चालत पोचली असती. तरी ऐटीत बसून गेली.

दुपारी बाराच्या सुमाराला जावेचा फोन आला. "ताई, वाडीवर टेंपो गेला ना?"

"गेला," मी म्हणाले. वर म्हणाले, "तू काळजी करू नको."

ती हरली. हरली तीही इतक्या थोड्या मतांनी, की मतमोजणीच्या हॉलबाहेर विरोधी पक्षाची माणसंसुद्धा गुलाल उधळायच्या आधी क्षणभर थांबली. दुसऱ्या दिवशी सकाळी सवयीने जावेने केस विंचरले, खांद्याला पिशवी लावली, उंबऱ्यापर्यंत गेली आणि परत येऊन पिशवी खुंटीला अडकवली. पुढे वाडीवर दुसरी सेविका आली.

आता जे सांगते, ते जावेला सांगायला मला दोन वर्षं लागली.

निकालानंतरच्या मे महिन्यात मी चौकच्या बाजारात गेले होते. वाडीवरची एक बाई पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन बसली होती. तिचा मुलगा जावेच्याच अंगणवाडीत होता, तिच्याकडचा चहाही मी प्याले होते, दोनदा. हरल्याचा राग डोक्यात होताच. मी म्हटलं, "काय गं, चहा पाजलात आणि मत मात्र तिकडे? तुमच्या पोरांची बाई होती ती!"

तिने द्रोण खाली ठेवला. चिडली नाही. मी फारच ढ आहे हे लक्षात आल्यासारखी सावकाश बोलायला लागली.

"बाय, त्या दिशी आमी कामाला नाय गेलो. सगळी वाडी सकाळपास्नं झाडाखाली बसलेली. म्हातारी माणसं, लेकुरवाळ्या बाया. म्हनलं, आपल्या बाईचा टेंपो येल. तुजा टेंपो आला नाय. दुपारी त्यांचा आला. आता त्यांच्या टेंपोत बसून जायचं, आनि उतरून तुमचं बटन दाबायचं? तसं आमाला नाय जमत."