मास्तर आणि नवं व्हर्जन

आमच्या मास्तरांना अर्धं पिंपरी-चिंचवड ओळखीचं होतं, आणि त्यातलं एकही माणूस मास्तरांना ओळखत नव्हतं. मंडईत एखादी बाई दिसली की माझा दंड धरून म्हणायचे, "मालक, ती बगा, थेरगावच्या लग्नातली मामी. नवरी निघाली तवा रडता रडता चपला हुडकत होती ती." आणि तिच्याकडं बघून चांगलं घरच्यासारखं हसायचे. बाई कपाळाला आठी घालून पुढं. मास्तर गुमान मेथीची जुडी उचलायचे.

"मार खाल एक दिवस," मी म्हणायचो.

"खाऊ की. ओळखीच्याचाच खाऊ."

लग्नाचं शूटिंग मी करायचो आणि मिक्सिंग मास्तर. दिवसभर घेतलेलं कापायचं, जोडायचं, गाणी टाकायची, याला आमच्या धंद्यात मिक्सिंग म्हणतात. मी चौथीतून उठलेला, रावेतचा. तिथं टॉवर नव्हते, ज्वारी होती तेव्हाचा. कॅमेरा मला कुणी शिकवला नाही. आताच्या पोरांना हात हलू नये म्हणून कॅमेऱ्याला दांडा लावावा लागतो, माझा खांदा कधी हलला नाही. हे मी कुणालाही तोंडावर सांगतो. मास्तर परभणीकडचे. भोसरीत लेथवर होते, तिथं पोरांना काम शिकवायचे म्हणून मास्तर; वर्कशॉप बंद पडलं, तेव्हा माझ्या आकुर्डीच्या दुकानात मागच्या खोलीत येऊन बसले ते बसलेच. लग्न केलं नव्हतं. विचारलं तर म्हणायचे, "इतकी लग्नं बघायलोय, हौस फिटली."

मला लोक ओळखायचे. व्हिडिओवाले, जेवून घ्या, म्हणून हाताला धरून पंगतीत बसवायचे. मास्तर मात्र मागच्या खोलीत डबा खायचे, समोर पडद्यावर चारशे माणसं जेवत असायची. मला ते बरं वाटेना. म्हणून एकदा चाकणच्या एका लग्नाला हट्टानं घेऊन गेलो. त्याच घरातल्या थोरल्या मुलीच्या लग्नाचं मिक्सिंग मास्तरांनीच केलं होतं. इस्त्रीचा शर्ट घालून आले. कार्यालयात पाऊल टाकलं आणि माणूस फुलला. ही आत्या, तो मावसभाऊ, हे रुसलेले जावई. सरळ एका काकूंपुढं जाऊन हात जोडले आणि म्हणाले, "काकू, काका कुठं दिसंनात? हळदीत लई नाचले होते की."

काकूंचा चेहरा पडला. शेजारचा एक जण म्हणाला, "त्यांना जाऊन वर्ष झालं. तुम्ही कोण, भाऊ?"

मास्तर म्हणाले, "मी... व्हिडिओवाल्यांबरोबर आलोय."

जेवले नाहीत. परत येताना गाडीवर मागं बसले होते. मोशीच्या पुढं आल्यावर म्हणाले, "मालक, माझ्याकडं ते अजून नाचायलेत." त्यानंतर मास्तर कुठल्या लग्नाला आले नाहीत. मीही पुन्हा म्हटलं नाही.

मास्तरांची एक गोष्ट मात्र कुणात पाहिली नाही. दोन व्हीसीआर जोडून मिक्सिंग व्हायचं तेव्हापासून ते थेट आतापर्यंत, यंत्र बदललं म्हणून ते कधी चिडले नाहीत. सॉफ्टवेअरचं नवं व्हर्जन आलं की आकुर्डीतले सगळे मिक्सिंगवाले शिव्या घालायचे. मास्तर आंघोळ करून, उदबत्ती लावून बसायचे. शिकवणारा व्हिडिओ हळू चालवून बघायचे. "बटन उगी येत नसतंय, मालक," म्हणायचे. "जगात कुठंतरी कुण्या मिक्सिंगवाल्याचं मनगट दुखलं असंल, म्हणून हे बटन आलं. त्यानं सोसलं, आपल्याला फुकट भेटलं." आणि त्या न बघितलेल्या माणसाला पडद्याकडं बघून नमस्कार करायचे. मी चेष्टा करायचो. पण माझ्यापुढं त्यांनी नमस्कार करायचं सोडलं नाही.

शेवटच्या व्हर्जनमध्ये तर चेहरे ओळखायची सोय आली. यंत्र एकेका माणसाचा चेहरा बाजूला काढून ठेवतं आणि याचं नाव काय म्हणून विचारतं. मास्तर लहान पोरासारखे खूश. नावं कुठून येणार? त्यांनी आपली भरली: चपलावाली मामी, पेढे लपवणारे आजोबा, देहूरोडची हसरी पांढरी साडी. मला एकेक वाचून दाखवायचे.

त्याच सुमारास त्यांची शुगर डोळ्यांत उतरली. परभणीहून पुतण्याचे फोन सुरू झाले, काका, आता इकडं या, तुमचं करायला माणसं आहेत. पुतण्या चांगला आहे, त्यात खोट नाही. मास्तर त्याला सांगत, "मालकाला शिकवतो आन् येतो. त्यांचं दुकान अडकायला नको."

आता माझं ऐका. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा बंगळुरूला. मागच्या खोलीतून माऊसची टिकटिक ऐकू येतेय, एवढ्यावर माझा दिवस निघायचा. मी शिकलो की हा माणूस जाणार. मग मी कशाला शिकतो?

मास्तर माझं बोट धरून पडद्यावर ठेवायचे. "इंग्रजी वाचू नका, जागा धरा. वरून तिसरं, कापायचं. त्याच्या खाली आवाजाचं." मी दुसरं दाबायचो. मंगलाष्टकं वरातीला लावायचो, अक्षता पडायच्या आधी नवरी सासरी पोचवायचो.

"मालक, कामून असं करायलाव?"

"मला न्हाई जमत. चौथीचं डोकं हाय."

असं दिवाळीपासून गुढीपाडव्यापर्यंत चाललं. त्यांना पडदा दिसेनासा झाला, नाक लावून बघायला लागले. एके दिवशी दुपारी बशीत चहा ओतताना त्यांचा अंदाज चुकला आणि चहा मांडीवर सांडला. कळवळले, पण ओरडले नाहीत. मला कुठला बर्फ, कुठलं औषध, काही सुचेना. बाहेरच्या टपरीवरून गार पाण्याची बाटली आणून ओतली. ओतता ओतता कळलं, यांना आता माऊस नको, माणसं पाहिजेत. ती माझ्याकडं नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी मास्तरांना शेजारी खुर्चीवर बसवलं आणि किवळ्याच्या एका लग्नाचं मिक्सिंग सुरू केलं. कापलं, जोडलं, बँडचा आवाज खाली घेतला, भटजींचा वर घेतला. यंत्रानं चेहरे काढून नावं विचारली, ती मी मराठीत भरली. एकदाही हात अडला नाही. मास्तरांना चित्र धूसर दिसत असेल, पण टिकटिक ऐकत होते.

"कवापासून येतंय?" त्यांनी विचारलं.

मी माऊसवरचा हात काढला.

"येड्यात काढलंत की मला." मग हसले. खुर्चीचा हात चाचपत माझा हात शोधला आणि धरून बसले. तेवढंच.

पुतण्या गाडी घेऊन आला. मास्तरांनी उंबऱ्याजवळ उभं राहून मागच्या खोलीकडं तोंड करून नमस्कार केला. मी शटर धरून उभा होतो. गाडी वळेपर्यंत शटर काही मी सोडलं नाही.

आता मिक्सिंग मीच करतो. फार काम नाही, पोरं मोबाइलवरच सगळं करतात. अधूनमधून परभणीहून फोन येतो. तब्येतीचं झालं की हळूच विचारतात, "नवं व्हर्जन आलं का? काय काय आलंय?"

"न्हाई आलं अजून," मी सांगतो.

आलंय. रोज सकाळी कॉम्प्युटर लावला की पडद्यावर चौकट येते. शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं वाचून सांगितलं, नवं घ्यायचं का, आत्ता की नंतर, म्हणून विचारतंय. घेतलं की बटनं इकडची तिकडं होणार. वरचं तिसरं तिसरं राहणार नाही. मास्तरांनी माझं बोट जिथं जिथं नेऊन ठेवलं, तिथं दुसरंच काहीतरी असेल.

डावीकडचं बटन 'नंतर'चं आहे. तेवढं एक माझं मी शिकलोय.