रायफलीवरची दुर्बीण

आमचे हे फौजेतून निवृत्त होऊन परळच्या घरी आले, पण त्यांचा जीव अजून रायफलीवरच्या नेम धरायच्या दुर्बिणीतच अडकलाय. परवा माझ्या चष्म्याचा नंबर काढायला हिंदमाताजवळच्या दुकानात गेलो, तर तिथेही तीच! दुकानदाराला सांगत बसले, "काच आतून धुरकट झाली होती, डोळ्याकडचं रबर चिरलं होतं, नेम जरा उजवीकडे जायचा. नव्या दुर्बिणी आल्या, सगळ्यांनी बदलून घेतल्या. मी म्हटलं, माझी राहू दे. तिची खोड मला ठाऊक आहे."

मी स्टुलावर बसून ऐकत होते. माझ्या हातून आमटीत मीठ जरा जास्त पडलं तर ह्या माणसाला खपत नाही. आणि त्या मेलीची खोड मात्र सांभाळून घ्यायची!

तेवढ्यात दुकानदारानं माझ्या डोळ्यांवर नवी काच चढवली आणि ह्यांच्या भुवईवरची चंद्रकोरीसारखी जुनी खूण लख्ख दिसली. मला कायम 'ट्रेनिंगमध्ये लागलं' एवढंच सांगितलेलं. दुकानदारानं विचारल्यावर मात्र हे तिच्यावरून बोट फिरवत हसले. "दुर्बिणीचा प्रसाद! नवा होतो, डोळा फार जवळ नेला. गोळी सुटली, रायफल मागे आली आणि दुर्बिणीनं असा दणका दिला!"

काय तो लाड! लग्न झाल्यापासून मी भांडले, रुसले, भांडी आपटली. ह्यांच्या अंगावर माझा साधा ओरखडासुद्धा नाही.