वाटून आलेली तूर

नव्या तुरीची डाळ शिजवून खाल्ल्याशिवाय विमलअक्का तिच्याबद्दल मत देत नसत. बीदरच्या आमच्या संशोधन केंद्रात त्यांच्या टेबलामागे एक स्टोव्हच होता. मी रुजू झालो त्या दिवशी माझ्यापुढे डाळीच्या तीन वाट्या ठेवून त्यांनी विचारलं, "यातली रोज कुठली खाशील?" मी आधी उत्पादनाचे आकडे मागितले. "आकडे मला बी येतात. जीभ हाय का न्हाई तुला?"

अक्का चिंताकी गावच्या. आजोबांच्या पिढीत बौद्ध झालेलं घर. "आमच्या आज्याला पेरायला बी मागून आणावं लागायचं," त्या सांगत. "कुणी द्यायचं, कुणी दार लावायचं. मी नवं बी घडवणारी पैदासकार झाले ती त्याच रागानं."

आमच्याकडे बियाणं सामायिक साठ्यातून येई. संकरातून घडवलेल्या कच्च्या ओळी, म्हणजे अजून वाण न ठरलेल्या तुरी, अनेक केंद्रांना फुकट वाटल्या जात. त्यांतली आपल्या मातीत टिकेल ती निवडून स्थानिक वाण म्हणून प्रसारित करायची, हे आमचं काम. अशीच एक ओळ अक्कांनी मुडबी गावच्या काशीबाई या शेतकरणीच्या रानात वर्षानुवर्षं निवडत नेली. एका साली मर रोगानं आजूबाजूची सगळी तूर वाळून गेली, पण ही उभी राहिली. काशीबाई झाड हलवून म्हणाली, "अक्का, लय हट्टी हाय ही. तुमच्यावानी!"

मग केंद्रप्रमुख साहेबांनी आम्हा दोघांना बोलावलं. एका बियाणे कंपनीला ती ओळ स्वतःच्या नावानं विकायची होती. आम्ही फक्त ती आमच्या चाचणीत नापास दाखवायची, म्हणजे ती सगळ्यांसाठीचा वाण होणार नाही आणि कंपनीला मोकळी मिळेल.

"कंपनीनं बी ही तूर पेरावी की," अक्का म्हणाल्या. "पर काशीबाईला पुढच्या साली घरचं बी पेरता आलं पाहिजे. वाटून आलंय ते साहेब, कुलपात कामून घालू?"

"मॅडम, बदली होईल."

"करा. उभ्या पिकाला मेलं म्हणून सही मी करणार न्हाई."

बदली झाली; पार समुद्रकाठी, जिथं तूर फक्त किराणा दुकानात दिसते. वाण मंजूर करणाऱ्या समितीची बैठक तोंडावर होती. अक्का रजा टाकून आल्या. "तुम्ही आता या केंद्राच्या नाही," साहेबांनी अडवलं. "व्हय. म्हणून शेतकऱ्यांत बसायलेय," असं म्हणत त्या काशीबाईशेजारी जाऊन बसल्या. नोंदी मी मांडल्या. काशीबाईनं आपल्या रानात काय मेलं आणि काय जगलं ते सांगितलं. अध्यक्षांनी अक्कांना उठवून विचारलं, "कंपनी चांगला मोबदला देईल, मग अडचण काय?" अक्का म्हणाल्या, "जे आपल्याला फुकट दिलं, ते विकायचा हक कुणी दिला?"

वाण मंजूर झाला, मुडबीच्या नावानं.

दुसऱ्या दिवशी बीदरजवळ नौबादला त्यांच्या घरी आम्ही त्यांचं सामान टेम्पोत भरत होतो. साहेबांचा मला फोन आला: अक्कांनी दोन ओळी माफीच्या लिहून दिल्या तर बदली रद्द होईल. मी निरोप सांगितला.

अक्का दोर आवळत होत्या. "वाण मंजूर झाला का न्हाई?"

"झाला."

"मग माफी कशाची? सांग त्याला, अक्का निघायलीय. आन् तू ते टोक धर."

त्या तिकडेच निवृत्त झाल्या. माफी लिहिली नाही. मुडबीच्या शिवारात आज ती तूर लोक कुणालाही न विचारता पेरतात.